अभिनय सोडून बाकी सगळं

मे महिना आला की आंब्याच्या पेट्यांच्या जोडीने अभिनय कार्यशाळांचे फलकही चौकाचौकांत लागतात. दहा दिवसांत नट तयार. फलकावर शिकवायच्या गोष्टींची यादी असते: आवाजाची फेक, देहबोली, निरीक्षणशक्ती, भावनांवर ताबा आणि सगळ्यात खाली 'स्वतःचा शोध'. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र आणि अल्पोपाहार. आत गेलेल्या मुलांना पहिल्या दिवशी झाड व्हायला लावतात. दुसऱ्या दिवशी वाऱ्यात हलणारं झाड. तिसऱ्या दिवशी एखादी मुलगी दुसऱ्या झाडाच्या गळ्यात पडून रडते आणि शिकवणारे सर डोळे मिटून म्हणतात, "हं, आता येतंय!"

बालनाट्यं सोडली तर मराठी रंगभूमीवर झाडाचं काम कुणाला मिळाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. 'घाशीराम कोतवाल'मध्ये माणसांची भिंत होती हे खरं, पण त्या भिंतीला गाता आणि नाचता यावं लागायचं. बाकी आपल्या नटाला जन्मभर जे करावं लागतं ते म्हणजे सोफ्यावर बसणं. रंगमंचाच्या मधोमध तिघांचा सोफा, डावीकडे फोन, उजवीकडे स्वयंपाकघराचं दार, मागे बेडरूमकडे जाणाऱ्या चार पायऱ्या. या सोफ्यावर मराठी कुटुंब कित्येक दशकं भांडत बसलेलं आहे. त्यावर बसायचं कसं, बसल्यावर पोट कुठे ठेवायचं, बायकोशी बोलताना तोंड बायकोकडे न करता पंधराव्या रांगेकडे कसं ठेवायचं, हे कुठल्याच कार्यशाळेत शिकवत नाहीत. घरी चार माणसं जेवायला बसली तर टेबलाच्या चारी बाजूंना बसतात. नाटकात ती तीनच बाजूंना दाटीवाटीने बसतात आणि चौथी बाजू मोकळी का, हा प्रश्न त्या भांडकुदळ घरात एकदाही निघत नाही.

हे सगळं मी अधिकाराने बोलू शकतो, कारण मी नट नाही. मी एका हौशी नाट्यसंस्थेचा प्रॉम्प्टर आहे. डाव्या विंगेत स्टूल, मांडीवर बाड, हातात टॉर्च. प्रेक्षकांना नट समोरून दिसतो, दिग्दर्शकाला तो स्वप्नात दिसतो, मला तो बाजूने दिसतो. बाजूने पोटही दिसतं आणि पाठीमागे घट्ट आवळलेली मूठही.

भरतमुनींनीसुद्धा नटाकडे असंच जवळून पाहिलं असावं. 'नाट्यशास्त्रा'त आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार सांगून ते थांबलेले नाहीत. डोक्याच्या हालचाली १३, दृष्टी ३६, भुवयांचे प्रकार ७, हनुवटीचे ७, गालांचे ६, खालच्या ओठाचे ६ आणि नाकाचे ६, असा चोख हिशेब त्यांनी मांडून ठेवला आहे. एवढं सगळं मोजणाऱ्या माणसाने नाकाच्या त्या सहा प्रकारांत शिंक धरलेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण शिंक न येऊ देणं हे प्रेताचं काम करणाऱ्या नटाचं सर्वांत मोठं कौशल्य आहे, आणि प्रेताचं काम हे माझ्या मते अभिनयातलं सर्वांत अवघड काम आहे.

आमच्या संस्थेत दर दोन-तीन नाटकांआड एक तरी प्रेत असतं. ते काम नवशिक्याला देतात, कारण त्यात पाठांतर नाही. मोठाच गैरसमज. बाकीच्या पात्रांनी आपल्याकडे बघावं म्हणून नटांना काय काय करावं लागतं. प्रेताकडे सगळे आपण होऊन बघतात. पहिल्या दोन रांगांतली मुलं तर पोट हलतंय का, यावर पैजा लावून बघतात. म्हणून जाणतं प्रेत प्रेक्षकांकडे पाठ करून मरतं, आणि साठवून ठेवलेला श्वास नायिकेच्या हंबरड्याबरोबर सोडतं. त्यासाठी नायिकेशी आधी बोलून ठेवावं लागतं. एखादी नायिका भावनेच्या भरात हंबरडा फोडायचा सोडून नुसतीच थिजून बसली, तर इकडे प्रेताचा जीव जायची वेळ येते. दुसरी गोष्ट मरायच्या जागेची. पडद्याच्या रेषेवर कोसळलं की पडदा पडताना अर्धं प्रेत आत आणि अर्धं बाहेर राहतं. मग बाहेर राहिलेले पाय सावकाश आपले आपण आत जातात आणि दोन अंकांची शोकांतिका रात्रीचा सर्वांत मोठा हशा घेऊन संपते. डासांचं तर बोलायलाच नको. मेलेल्या माणसाला डास चावला तर त्याने काय करावं, याबद्दल शास्त्रकार गप्प आहेत, आणि डासाने संहिता वाचलेली नसते.

संगीत नाटकांच्या काळात तर मरूनही सुटका नव्हती. पद रंगलं की 'वन्स मोअर' यायचा, आणि मेलेलं पात्र उठून पद पुन्हा म्हणून पुन्हा मरायचं, अशी एक आख्यायिका जुनी माणसं चवीने सांगतात. त्या काळी नाटकं रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत, तेव्हा दोनदा मरायला वेळही भरपूर होता.

प्रेतानंतर अवघड काम म्हणजे ऐकू न येण्याचं. नायिका मैत्रिणीच्या कानात गुपित सांगते. ते बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत ऐकू गेलं पाहिजे, पण चार फुटांवर पेपर वाचत बसलेल्या तिच्या वडिलांना जाता कामा नये. लोक नायिकेच्या आवाजाचं कौतुक करतात. मी वडिलांचं करतो. त्या माणसाने पेपरचं पानसुद्धा उलटायचं नसतं. आवाज हे नटाचं भांडवल असतं हे मात्र खरंच. विक्रम गोखल्यांसारख्या नटाला २०१६ साली रंगभूमीवरून निवृत्ती घ्यावी लागली ती घशाच्या दुखण्यामुळेच. या बाबतीत डॉ. श्रीराम लागू दूरदृष्टीचे म्हणायचे. ते कान-नाक-घशाचे सर्जन. नटाला लागणारे तिन्ही अवयव त्यांनी आधी नीट शिकून घेतले आणि मगच १९७० साली 'नटसम्राट' होऊन उभे राहिले. कार्यशाळेत झाड होऊन हे साधत नाही.

आता पॉजबद्दल. हा माझा स्वतःचा प्रांत असल्यामुळे इथे जरा थांबतो. ज्येष्ठ नट बोलता बोलता थांबला तर तो पॉज असतो. नवखा थांबला तर तो ब्लँक झालेला असतो. विंगेतून पाहिलं तर दोन्ही अगदी सारखे दिसतात: नजर शून्यात, ओठ किंचित उघडे, कपाळावर घाम. प्रॉम्प्टरने ठरवायचं काय? पॉजमध्ये वाक्य दिलं तर मध्यंतरात बोलावणं येतं: "अरे बाबा, जागा घेत होतो मी. जागा म्हणजे काय कळतं का तुला?" आणि न द्यावं तर प्रयोगानंतर तोच माणूस सगळ्यांसमोर म्हणतो, "प्रॉम्प्टर झोपला होता." यावर आमच्यातल्या एका जुन्या प्रॉम्प्टरने उपाय काढला होता. तो नटाच्या चेहऱ्याकडे बघायचाच नाही, पायांकडे बघायचा. पॉज घेणाऱ्याचे पाय स्थिर असतात. वाक्य विसरलेल्याच्या पायाचा अंगठा चपलेत वळवळू लागतो. ही विद्या मीही आत्मसात केली आहे आणि तिने मला आजवर दगा दिलेला नाही. ऐतिहासिक नाटकात मात्र सगळ्यांच्या पायांत मोजडी असते, आणि तिथे देवावर हवाला ठेवावा लागतो.

विसरल्यावर काय करायचं, याच्या तऱ्हा मात्र पाहण्यासारख्या. काही जण टेबलावरचा पाण्याचा पेला उचलतात. पेला रिकामा असतो, तरी घटाघटा पितात. काही जण समोरच्यालाच विचारतात, "तुला काय वाटतं?" हा खास पुढाऱ्यांचा मार्ग. समोरचा पक्का असेल तर तो दोघांची वाक्यं बोलून टाकतो आणि कच्चा असेल तर म्हणतो, "मला काहीच वाटत नाही." एकाने सरळ "आलोच" म्हणून विंगेत येऊन बाड वाचलं आणि परत जाऊन वादाचा मुद्दा पुढे चालू केला. प्रेक्षकांना वाटलं, दिग्दर्शक फारच वास्तववादी दिसतोय.

झाडीपट्टीच्या नाटकांबद्दल मी ऐकतो तेव्हा मला म्हणूनच थोडा हेवा वाटतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटकं होतात. वडसा हे त्यांचं मुख्य ठाणं. नाटकं अनेक, तालमींना सवड कमी, त्यामुळे तिथे प्रॉम्प्टरचा मान मोठा. तिकडे कोकणात दशावताराचा मामला अगदी उलटा. तिथे बाडच नाही. संध्याकाळी आख्यान ठरतं, नट आपली रंगरंगोटी आपणच करतो, पेटारा उघडून राजाचे कपडे चढवतो आणि उभा राहून अस्खलित बोलू लागतो. समोरच्या राक्षसाचा मुकुट अजून बांधून व्हायचा असेल तर राजा प्रजेच्या कल्याणाबद्दल आणखी वीस मिनिटं बोलतो. ज्या नटाला सोफ्यावर बसून "चहा घेणार का?" एवढं वाक्य लक्षात राहत नाही, त्याला एक हंगाम दशावतारात पाठवावा असं माझं मत आहे. तो सुधारेल किंवा परत येणार नाही. संस्थेचा दोन्हीकडून फायदा.

गावच्या मंडळींनी नाटक बसवायला घेतलं की काय काय होतं, याचं खरं पाठ्यपुस्तक गंगाराम गवाणकरांनी कधीच लिहून ठेवलं आहे. 'वस्त्रहरण'मध्ये मच्छिंद्र कांबळींच्या तात्या सरपंचाने अभिनयाबद्दल जे शिकवलं ते पोटभर हसता हसता शिकवलं, म्हणून कुणी त्याला अभ्यासक्रमात धरलं नाही.

प्रॉपर्टी हाताळणं हा असाच एक दुर्लक्षित विषय. मुलगा अमेरिकेला निघालेला असतो. आईने दोन महिने खपून लाडू, लोणची, मेतकूट भरून दिलेलं असतं आणि मुलगा ती सूटकेस करंगळीने उचलतो, कारण आत काहीही नसतं. रिकाम्या बॅगेचं वजन खांद्यात दाखवता येणं म्हणजे नट. रिकाम्या कपातल्या चहाने जीभ भाजणं म्हणजे त्याच्यावरचा नट. आणि रागाने घर सोडून जाताना दार हळूच लावून घेणं म्हणजे थोर नट. कारण ते घर प्लायवूड आणि कापडाचं असतं. दार जोरात आपटलं की सदाशिव पेठेतला तीन पिढ्यांचा वाडा भिंतीवरच्या आजोबांसकट हलतो. नटाचा संताप कडीपाशी संपला पाहिजे.

एकदा तर दार उघडलंच नाही. पावसाळी हवेत लाकूड फुगलेलं. "या घरात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही" असं म्हणून आमच्या नायकाने कडी ओढली, पुन्हा ओढली, पाय लावून ओढली. मग मान ताठ ठेवून तो स्वयंपाकघरातून निघून गेला. सगळा प्रेक्षागार श्वास रोखून बसलेला. तेव्हा सोफ्यावरचे आमचे म्हातारे नट, जे एरवी स्वतःचं वाक्यसुद्धा माझ्याकडून मागून घेतात, सुस्कारा टाकून म्हणाले, "स्टेशन मागच्या दारानं जवळ पडतं त्याला." टाळी पडली. दिग्दर्शकाने ते वाक्य पुढच्या सगळ्या प्रयोगांत ठेवलं. मग दार नीट उघडू लागल्यावर तो वाक्याची पंचाईत नको म्हणून नायकाला मुद्दाम स्वयंपाकघरातून घालवू लागला.

हशा ही वस्तू मात्र इतकी हातातली नाही. हशा येतो तेव्हा नटाने थांबायचं असतं. फार लवकर बोललं तर वाक्य बुडतं, फार उशिरा बोललं तर हशा मागायला थांबल्यासारखं दिसतं. त्यातून दादरला सात सेकंद चाललेला हशा दुपारी साडेबाराच्या पुण्याच्या प्रयोगाला येतोच असं नाही. तिथे जेवून आलेला प्रेक्षक हसायच्या आधी विनोद तपासून घेतो. आणि हेच सगळं नटाने पाचशेव्या वेळी पहिल्यांदा घडल्यासारखं करायचं. प्रशांत दामले यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये आपला १२,५०० वा प्रयोग केला. एवढ्या वेळा नवल वाटल्याचा चेहरा करणं म्हणजे काय चीज असेल! आमच्या एका नटाला तिसऱ्या प्रयोगातच बायकोचं पत्र उघडण्याआधी रडू यायला लागलं होतं.

'तो मी नव्हेच'मध्ये प्रभाकर पणशीकर लखोबा लोखंडेचे एकामागून एक अवतार घेऊन येत. १९६२ साली अत्र्यांच्या या नाटकाने मराठी प्रेक्षकांना फिरता रंगमंच दाखवला आणि लोक त्याच्या फिरण्याकडे थक्क होऊन बघत राहिले. पण पाठीमागच्या अंधारात एका माणसाचा कोट उतरवून दुसऱ्याचा चढवणारे जे हात होते त्यांना कुणी टाळी दिली नाही. झटपट कपडे बदलण्याची कला नटाच्या अंगात निम्मी असते, निम्मी विंगेतल्या माणसाच्या. नऊवारी उतरवून पाचवारी नेसायला नायिकेला कधी कधी एका ब्लॅकआउटएवढाच वेळ मिळतो. तोंडात पिना, एक हात केसांत, एक पाय चपलेत आणि चेहरा मात्र पुढच्या प्रवेशासाठी आत्ताच रडवेला. मी टॉर्च धरून तोंड फिरवून उभा असतो. कार्यशाळेच्या फलकावर 'भावनांवर ताबा' लिहिलेलं असतं ना, त्याची मला इथे आठवण होते.

मोबाइल आल्यापासून एक नवीन कौशल्य वाढलं आहे. २०१९ साली सुबोध भावे यांनी प्रेक्षकांतल्या मोबाइलला वैतागून नाटकात काम न करण्याचा इशारा दिला होता, एवढी ही पीडा मोठी. हौशी नटाला इशारे देऊन चालत नाही. प्रेक्षागारातले निम्मे लोक त्याचेच नातेवाईक असतात आणि वाजणारा फोन बहुधा त्याच्याच काकांचा असतो. मांजराचं मात्र मी समजू शकतो. मांजर रंगमंचावर आलं की नटाने आपला प्रवेश तिथंच संपला असं समजावं. ते मधोमध बसतं, अंग चाटतं आणि एक वाक्य न बोलता सगळं नाटक खाऊन जातं. देहबोली शिकायची तर त्याच्याकडून शिकावी.

दौऱ्यावर जाणाऱ्या व्यावसायिक नटाला तर अभिनयापेक्षा झोप जास्त यावी लागते. म्हणजे बसल्या जागी, मान सरळ ठेवून, गाडी खड्ड्यातून जाताना, आणि पुढच्या सीटवर निर्माता हिशेब सांगत असताना. रात्री कोल्हापूर, सकाळी सांगली, उद्या दुपारी थेट नाशिक. पोचल्यावर नाट्यगृहातल्या स्वच्छतागृहाशी गाठ असते. नावं घेत नाही, यादी फार लांबेल. अनुभवी नट प्रयोगाच्या दिवशी दुपारपासून पाणी कमी पितात आणि प्रेक्षक म्हणतात, काय आवाज लागला होता आज, अगदी कोरडा, आर्त!

जाहिरातीत नाव कुठे येतं याकडे लक्ष ठेवणं हेही कौशल्यच. पहिलं नाव मोठं असा भोळा समज होता, तोपर्यंत ठीक होतं. पण डॉ. काशिनाथ घाणेकरांचं नाव सगळ्यात शेवटी, 'आणि...' असं लिहून येऊ लागलं आणि त्या एका 'आणि'ने प्रेक्षक शिट्ट्या मारू लागले. तेव्हापासून मराठी नाटकात शेवटच्या जागेवरूनही भांडणं होतात. आमच्या संस्थेने यावर तोडगा म्हणून नावं बाराखडीप्रमाणे छापली. त्या वर्षी 'अ'वरून नाव असलेल्या तिघांशी कुणी बोलत नव्हतं.

पडदा पडल्यावर नटाची शेवटची परीक्षा मेकअपरूममध्ये होते. तोंडाला खोबरेल तेल फासलेलं, मिशी अर्धी निघालेली, आणि दारात ओळखीची माणसं. "तुझं काम छान झालं" असं म्हणून ती थांबतात. हा मात्र खरा पॉज. पुढचा 'पण' ऐकताना चेहरा हसरा ठेवावा लागतो. "पण पहिला अंक जरा लांबला." "पण तू टीव्हीवर बारीक दिसतोस." एका बाईंनी आमच्या प्रेताला सांगितलं होतं, "काम छान केलंत हो, पण शेवटी जरा ओव्हर झालं." त्याने नमस्कार केला. पुढच्या वर्षी तो बदली होऊन दुसऱ्या गावी गेला.

त्यावरून एक निवेदन. यंदा राज्य नाट्य स्पर्धेसाठी आम्ही रहस्यप्रधान नाटक घेतलं आहे आणि आमची ही जागा रिकामी आहे. पहिल्या अंकाच्या शेवटी मरायचं, दुसऱ्या अंकात पंचवीस मिनिटं पडून राहायचं. चार जणांना उचलायचं असल्यामुळे वजन साठ किलोच्या आत हवं. पाठांतर नाही, मानधन नाही, चहा आणि वडापाव मिळेल. कार्यशाळा केलेली नसली तरी चालेल, धुळीची ॲलर्जी मात्र नसावी. तालीम रोज रात्री आठनंतर. इच्छुकांनी थेट यावं. मी डाव्या विंगेत असतो.